लॅपटॉपवर सायरन वाजून ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असं आलं. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. मारू का?

तुमच्या प्रश्नातून एवढं कळलं: नाशिकला घरी वडील लॅपटॉपवर कांद्याचे भाव बघत होते. अचानक पूर्ण स्क्रीन निळा झाला, सायरन वाजायला लागला, कुणीतरी बाई इंग्रजीतून बोलत होती. खाली मायक्रोसॉफ्टच्या नावानं १८०० चा नंबर आणि ‘लोकेशन: नाशिक’. वडिलांनी फोन केला नाही, पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला. आता तो स्क्रीन येत नाही, पण उजव्या कोपऱ्यात सारख्या ‘अँटिव्हायरस संपला’, ‘५ व्हायरस सापडले’ अशा चौकटी येतात.

फॉरमॅट मारू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही ब्राउझरमधल्या (क्रोम, एज वगैरे) आहेत. दुसरी तर पाच मिनिटांत बंद होते.

आधी तो निळा स्क्रीन. वेबपेजला तुमची हार्ड डिस्क तपासता येतच नाही. ब्राउझर प्रत्येक पान कुंपणात ठेवून चालवतो. तुम्ही स्वतः निवडून दिल्याशिवाय पानाला एक फाइलही वाचता येत नाही. ‘स्कॅनिंग’ म्हणून जे सरकताना दिसतं ते नुसतं अ‍ॅनिमेशन. हेच पान अँड्रॉइड फोनवर उघडलं तर कित्येकदा तिथंही ‘सी ड्राइव्ह’मध्ये व्हायरस सापडतो, आणि फोनला सी ड्राइव्ह नसतोच.

‘नाशिक’ हे नाव बघून माणूस दचकतो, पण ते आयपी अ‍ॅड्रेसवरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून येतं. कोणत्याही साइटला तो दिसतो, आणि त्यावरून शहराचा अंदाज बांधता येतो. मोबाइल डेटावर तेच पान उघडलं तर बऱ्याचदा मुंबई किंवा पुणे दाखवेल. विंडोज आहे की मॅक, कोणता ब्राउझर, हे तर ब्राउझर प्रत्येक साइटला आपणहून सांगतो. फोनवरच्या ‘बॅटरी २८ टक्के खराब’ वगैरे इशाऱ्यांसोबत फोन थरथरतो, तेही अँड्रॉइडचं क्रोम साइटला करू देतं म्हणून.

खरा इशारा कसा ओळखायचा? मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की पुढं वाचायचंही कारण नाही. तरी शंका असेल तर पॉपअपवर क्लिक न करता स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ टाइप करा, ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ उघडा आणि ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा. विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसला, डिफेंडरला, खरंच काही सापडलं असेल तर त्याची नोंद तिथं असते. दुसरा अँटिव्हायरस घातलेला असेल तर डिफेंडर मागं सरतो, मग त्या अँटिव्हायरसची खिडकी स्टार्टमधून उघडून त्यात बघा. ब्राउझरचं लाल पान मात्र खरं असतं: ‘ही साइट धोकादायक आहे’ असं सांगून मागं फिरायचं बटण देणारं. ते नंबर देत नाही, पैसे मागत नाही. ते आलं तर निमूट मागं फिरा.

आता पुन्हा तसा स्क्रीन आला तर. पानावर दिसणारं ‘एक्स’, ‘कॅन्सल’, ‘ओके’ हे बहुतेकदा चित्राचाच भाग असतात. कुठंही क्लिक केलं की पान पुन्हा फुल स्क्रीन होतं. म्हणून माऊस सोडा आणि एस्केप की दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसती टिचकी मारून उपयोग नाही, कारण क्रोममध्ये पान साधं एस्केप अडवू शकतं, दाबून धरलेलं अडवू शकत नाही. फुल स्क्रीन सुटला की कंट्रोल+डब्ल्यू करून टॅब बंद करा. नाहीच सुटला तर कंट्रोल+ऑल्ट+डिलीट. हे विंडोज स्वतः पकडतं, कोणत्याही वेबपेजच्या हातात ते नाही. तिथून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा, ‘एंड टास्क’. मॅक असेल तर कमांड+ऑप्शन+एस्केप.

इथं लोक एक चूक करतात. ब्राउझर पुन्हा उघडल्यावर ‘रिस्टोअर पेजेस?’ असं विचारतो, सवयीनं हो म्हटलं जातं आणि सायरन पुन्हा सुरू. विचारलं तर नाही म्हणा. ब्राउझर न विचारताच जुने टॅब उघडत असेल तर वायफाय बंद करून ब्राउझर उघडा. पान लोडच होणार नाही, टॅब बंद करा, मग वायफाय लावा.

कोपऱ्यातल्या चौकटी म्हणजे ब्राउझरची नोटिफिकेशन्स. कुठल्या तरी साइटनं ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ किंवा ‘व्हिडिओ बघायला अलाउ दाबा’ असं म्हटलं असणार आणि ते दाबलं गेलं असणार. चौकट नीट बघा: बारीक अक्षरांत ब्राउझरचं नाव आणि त्या साइटचा पत्ता लिहिलेला असतो. अँटिव्हायरस कंपनीचा लोगो वर आणि खाली भलताच पत्ता, हीच खूण.

क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके, सेटिंग्ज, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी प्रत्येक नावासमोरचे तीन ठिपके दाबून ‘ब्लॉक’ करा. ‘रिमूव्ह’ केलं तर तीच साइट पुन्हा विचारू शकते, म्हणून ब्लॉक बरा. मग त्याच पानावर वर ‘साइट्सना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ हा पर्याय निवडून टाका. घरच्या लॅपटॉपवर वेबसाइटच्या नोटिफिकेशनवाचून कुणाचं काही अडत नाही, असं माझं मत. एज वापरत असाल तर सेटिंग्जमधल्या शोधाच्या चौकटीत ‘नोटिफिकेशन्स’ लिहा, कारण मेनूची जागा आवृत्तीगणिक बदलते. लॅपटॉपवर दोन ब्राउझर किंवा क्रोमची दोन प्रोफाइल्स असतील तर दोन्हींत हे करावं लागेल. ‘सगळं केलं तरी येतंच’ म्हणणाऱ्यांचं बहुतेक इथंच राहिलेलं असतं.

त्याच बैठकीत एक्स्टेन्शन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमची यादी उघडा आणि जे कुणी, कशासाठी घातलं ते आठवत नाही ते काढा. मनाच्या समाधानासाठी विंडोज सिक्युरिटीच्या ‘स्कॅन ऑप्शन्स’मधून ‘फुल स्कॅन’ लावून जेवायला जा. ‘ऑफलाइन स्कॅन’ही आहे, त्यात लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि साधारण १५ मिनिटं लागतात, तेव्हा उघडी कामं आधी सेव्ह करा.

यापेक्षा घातक असा एक प्रकार आहे आणि त्यात सायरन वगैरे काही नसतं. साधं ‘मी रोबो नाही’ असं पान येतं आणि पडताळणीसाठी तीन गोष्टी करायला सांगतं: विंडोज+आर दाबा, कंट्रोल+व्ही दाबा, एंटर दाबा. तुम्ही बटण दाबताक्षणी पानानं एक आज्ञा गुपचूप क्लिपबोर्डवर कॉपी केलेली असते. वरच्या तीन कळांनी ती आज्ञा तुम्ही स्वतःच्या हातानं विंडोजमध्ये चालवता. कुंपण ओलांडायचं काम पानाऐवजी तुम्ही करता. अशा आज्ञा बहुधा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिन चोरणारा प्रोग्रॅम उतरवतात. कोणताही खरा कॅप्चा (‘मी रोबो नाही’ची पडताळणी) ‘रन’ची, म्हणजे विंडोज+आरनं उघडणारी चौकट उघडायला सांगत नाही. वडिलांना नीट विचारा. हे झालं असेल तर नेट तोडा, दुसऱ्या साधनावरून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा. तेव्हा मात्र दुकानदाराचं ऐका, फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप घेऊन फॉरमॅट मारा.

तुमच्याकडे फोन झालेला नाही, पण हे वाचणाऱ्या कुणीतरी केलेला असेल, म्हणून लिहितो. पलीकडचा माणूस एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर किंवा विंडोजमधलंच क्विक असिस्ट, म्हणजे दुरून तुमचा लॅपटॉप चालवू देणारं अ‍ॅप, चालू करायला लावतो. मग ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडून लाल फुल्या दाखवतो. त्या फुल्या धडधाकट विंडोजमध्येही शेकड्यांनी असतात. किंवा काळ्या खिडकीत ‘ट्री’ ही आज्ञा देतो, फोल्डरची नावं भराभर सरकतात, आणि शेवटी तो स्वतःच ‘व्हायरस फाउंड’ टाइप करतो. इथवर आला असाल तर आधी वायफाय बंद, मग ते अ‍ॅप अनइन्स्टॉल, मग दुसऱ्या फोनवरून पासवर्ड बदल.

पैसे गेले असतील तर कार्डच्या मागं छापलेल्या नंबरवर बँकेला आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथंही जाहिरातीत खोटे नंबर असतात. १९३० वर व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ विचारतात, ते समोर ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवणं हा त्यामागचा हेतू, त्यामुळं तास-दोन तासही महत्त्वाचे. लेखी तक्रार ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ वर करता येते किंवा सायबर पोलीस ठाण्यात. बँकेला लवकर कळवायचं आणखी एक कारण: रिझर्व्ह बँकेनं जुलै २०१७ मध्ये घातलेल्या नियमाप्रमाणे, ग्राहकानं स्वतः पासवर्ड वगैरे दिल्यानं गेलेले पैसे बँकेला कळवेपर्यंत त्याच्याच माथी असतात; कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं.

हे येतं कुठून? बहुतेक वेळा जाहिरातींतून. फुकट क्रिकेट, फुकट सिनेमा ही नेहमीची ठिकाणं, पण साधी बाजारभावाची साइटही पानभर जाहिराती लावत असेल तर त्यातलीच एखादी तुम्हाला तिकडं ढकलते. वडिलांसाठी राज्य कृषी पणन मंडळाच्या साइटवरचं लासलगावच्या भावांचं पान बुकमार्क करून द्या. क्रोमला ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ आणि फायरफॉक्सला ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन घाला. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफबीआयनंच लोकांना जाहिरात-रोधक वापरा असं सांगितलं होतं, तेव्हा हा काही भुरट्यांचा उद्योग नव्हे.

वडील फोनवरही भाव बघत असतील तर तोही तपासा. क्रोमची नोटिफिकेशन्स तिथंही तशीच बंद करायची: तीन ठिपके, सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. पण क्रोम उघडलेलं नसताना होम स्क्रीनवर जाहिराती येत असतील तर दोष एखाद्या अ‍ॅपचा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘इतर अ‍ॅपवर दाखवा’ या परवानगीची यादी काढा. टॉर्च, क्लीनर, वॉलपेपर असलं काही त्यात दिसलं की ते अ‍ॅप उडवा. प्ले स्टोअरमध्ये स्वतःच्या फोटोवर टिचकी मारून ‘प्ले प्रोटेक्ट’चा स्कॅन चालवा. आणि ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा’ ही परवानगी क्रोमला आणि व्हॉट्सअ‍ॅपला दिलेली असेल तर दोन्हीकडून काढून घ्या. ‘व्हायरस काढणारं अ‍ॅप’ म्हणून पॉपअपमधून उतरणारी एपीके (अ‍ॅप बसवणारी) फाइल मग सहज आत शिरणार नाही.