गोळीमुळे की माझ्यामुळे?

प्रश्न : मी ३१ वर्षांची आहे, मुलगी चार वर्षांची. पाच महिन्यांपूर्वी गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या पाकिटापासून माझं काहीतरी बिनसलंय. परवा मुलीच्या बुटाच्या लेसची गाठ सुटेना, एवढ्यावरून मी तिच्यावर अशी खेकसले की ती दाराआड जाऊन उभी राहिली. मग मी नळ सोडून बाथरूममध्ये रडत बसले. आधी मी अशी नव्हते. नवरा म्हणतो, तू फार विचार करतेस. डॉक्टर म्हणाल्या, या गोळ्यांनी असं होत नाही, मन रमवा. हे गोळीमुळे होतंय की माझ्यातच खोट आहे? गोळी लगेच बंद करू का? आणि मी आधीसारखी कधी होईन? ज्या दिवशी त्रास झाला त्या तारखांवर फुल्या मारलेलं कॅलेंडरचं पान सोबत पाठवते आहे.

उत्तर : खोट तुमच्यात नाही. हे आधी सांगते, बाकीचं त्यानंतर.

तुमच्या पत्रापेक्षा ते पान मी जास्त वेळ पाहत बसले. पहिल्या महिन्यात दोनच फुल्या. दुसऱ्यापासून त्या वाढत जातात आणि दर वेळी गोळ्यांच्या तिसऱ्या आठवड्यात दाटी होते. गोळ्या नसलेल्या सात दिवसांत, पाळी सुरू झाली की दोन दिवसांनी पान कोरं. सलग चार महिने हेच. एवढ्यावरून गोळीवर ठपका ठेवता येत नाही, पण ‘मन रमवा’ म्हणून हे पान बाजूलाही ठेवता येत नाही.

तुमची गोळी इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टेरॉन अशा दोन हार्मोन्सची आहे. ती बीजकोशातून बीज बाहेर पडू देत नाही. बीजच बाहेर पडलं नाही की शरीर स्वतःचं प्रोजेस्टेरॉन फारसं तयार करत नाही. या नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात ॲलोप्रेग्नेनोलोन नावाचं द्रव्य बनतं आणि ते मेंदूला शांत ठेवायला मदत करतं. गोळीवर असताना ते कमी होतं. बऱ्याच जणींना हा फरक जाणवतही नाही. काहींना मात्र फार जाणवतो.

२०१६ साली डेन्मार्कमधल्या १५ ते ३४ वर्षांच्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन हार्मोन्सची गोळी घेणाऱ्यांमध्ये नैराश्यावरचं औषध पहिल्यांदा सुरू होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या १.२ पट होतं. १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ते १.८ पट निघालं. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. गोळी घेणाऱ्या बहुतेक जणींना नैराश्य येत नाही, हेही तितकंच खरं. पण ‘असं होतच नाही’ हे विधान आता टिकत नाही.

खरं तर ते कधीच टिकायला नको होतं. १९५६ मध्ये पोर्तो रिकोत या गोळीच्या चाचण्या सुरू झाल्या, तेव्हा तिथलं काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखीसारखे त्रास होत असल्याचं कळवलं होतं. तो बराचसा मनाचा खेळ ठरवला गेला. त्या गोळीतला हार्मोनचा डोस आजच्या कितीतरी पट होता.

आणि मीही तेच केलं आहे. मी नवखी असताना एक बाई समोर बसून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मला माझ्याच घरात पाहुणी असल्यासारखं वाटतं.’’ मी रक्तदाब पाहिला, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांनी गर्भनिरोधक गोळ्या स्वतःच सोडल्या, दुसरा उपाय काही केला नाही. तीन महिन्यांनी आल्या तेव्हा दिवस गेले होते आणि त्यांना ते मूल नको होतं. मी पाच मिनिटं जास्त ऐकून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जपून देते. गोळी बंद करा, पण दुसरं साधन ठरवून. त्रास सोसवत असेल तर चालू पाकीट संपवा आणि पुढचं सुरू करू नका. सोसवत नसेल तर आजच थांबवा. मात्र गेल्या सात दिवसांत संबंध आला असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. थांबल्या दिवसापासून निरोध वापरा, कारण गोळीचा परिणाम साठून राहत नाही. हार्मोन अजिबात नको असेल तर तांब्याची कॉपर-टी आहे, तिचा एक प्रकार दहा वर्षं चालतो. पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, पोटात दुखू शकतं, हे आधी माहीत असू द्या. गोळीच हवी असेल तर प्रोजेस्टेरॉनचा प्रकार बदलून पाहता येतो, काहींना त्याने बरं वाटतं. तीन महिन्यांचं इंजेक्शन मात्र तुम्ही सध्या घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सोसलं नाही तरी ते शरीरातून काढून घेता येत नाही.

मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर पाकीट संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठा.

आधीसारखी कधी व्हाल? गोळीतले हार्मोन काही दिवसांत शरीरातून जातात. पाळी साधारण चार ते सहा आठवड्यांत येते, कधी थोडी उशिरा. फुल्या मारणं तोवर थांबवू नका. दोन पाळ्यांनंतरही त्या कमी झाल्या नाहीत, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तेव्हा गोळीशी संबंध नसलेलं नैराश्यही असू शकतं आणि त्यावर उत्तम औषधोपचार आहेत. डॉक्टरांकडे जाताना हे पान सोबत न्या. त्यांनी ते पाहिलंच नाही, तर दुसरा डॉक्टर शोधा.