पुण्यात राहून पाटीवर विश्वास ठेवतेस?

अगं पोरी,

सप्रेम जिंदाबाद.

रात्री पावणेदोनला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला, एवढा लांब की दोनदा 'रीड मोअर' दाबावं लागलं. अभ्यासिकेच्या जिन्यात भांडण झालं, तो नांदेडचा पोरगा म्हणाला समाजवाद म्हणजे रशिया, चीन, उपासमार, तुरुंग, विषय संपला, तू म्हणालीस तो खरा समाजवाद नव्हताच, मग बाकीचे फिसकन हसले आणि तुझं डोकं फिरलं. आणि आता मला विचारतेस, काका, कोण बरोबर.

मला विचारशील तर दोघांनीही अभ्यास टाळलाय. त्याने माणसं मेली तेवढंच धरलं, ती आधी रस्त्यावर कशासाठी आली होती ते बघितलं नाही. आणि तुझं ते वाक्य मी स्वतः वीसेक वर्षं वापरलंय, फार सोयीचं असतं, उत्तर द्यावं लागत नाही. आमच्या वेळी रशियाचं काही निघालं की एक जण म्हणायचा खरा तो चीन, चीनचं काही निघालं की व्हिएतनाम, असा सरकत सरकत आमच्यातला एक गडी अल्बेनियापर्यंत पोचला होता, तो देश नकाशात कुठे आहे हे आम्हाला कुणालाच नीट सांगता यायचं नाही.

तू तीन वर्षं सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतेस, पुणेरी पाट्या रोज वाचतेस. 'चौकशी' लिहिलेल्या खिडकीवर चौकशी केली की काय होतं हे तुला मी सांगायला नको. मग देशाच्या नावात समाजवादी नाहीतर जनवादी लिहिलंय म्हणून ते खरं कसं काय धरतेस? आणि गंमत म्हणजे तो पोरगाही तेच करतोय, त्यानेही पाटीच खरी मानलीय, फक्त शिवी द्यायला.

आमच्या घरी लहानपणी रशियाचं ते गुळगुळीत कागदाचं मासिक यायचं, वर्गणी अगदीच किरकोळ, आणि आई ते मुख्यतः वह्यांना कव्हर घालायला मागवायची. माझ्या गणिताच्या वहीवर वर्षभर एक ट्रॅक्टरवाली बाई हसत होती. बाईमाणूस एवढं मोठं मशीन चालवतंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते त्या कव्हरवर, आणि ते खोटं नव्हतं बरं का, तिकडे बायका खरंच ट्रॅक्टर चालवत होत्या, डॉक्टर होत होत्या, निरक्षर शेतकऱ्यांचा देश एका पिढीत वाचायला लागला होता. पुढे भोसरीत टूलरूमला लागलो, युनियनमध्ये आलो, आणि एकदा माळ्यावरचे जुने अंक चाळताना लक्षात आलं की एवढ्या कारखान्यांचे एवढे फोटो, सगळे कामगार हसतायत, पण गेट मीटिंगचा, म्हणजे कारखान्याच्या दारात भरणाऱ्या कामगारांच्या सभेचा, फोटो एकही नाही. एकही नाही म्हणजे एकही नाही. दहा हजार माणसं जिथे काम करतात तिथे वर्षात एकदा तरी कुणीतरी खुर्चीवर उभं राहून साहेबाला शिव्या घालतोच की.

का नव्हता ते खूप नंतर कळलं. नोवोचेर्कास्क नावाचं गाव आहे दक्षिण रशियात, रेल्वेची इलेक्ट्रिक इंजिनं बनवणारा मोठा कारखाना तिथे. जून १९६२ मध्ये सरकारने मांस साधारण ३० टक्क्यांनी आणि लोणी २५ टक्क्यांनी महाग केलं, आणि त्याच सुमारास कारखान्यात कामाचे नॉर्म्स वाढवले होते, म्हणजे तेवढ्याच कामाला हातात पैसे कमी. हे गणित आपल्या एमआयडीसीतल्या कुठल्याही पीस रेटवाल्याला न शिकवता कळेल. कामगारांनी मशीन बंद केली, दुसऱ्या दिवशी लाल झेंडे आणि लेनिनचे फोटो घेऊन मोर्चा काढला, लेनिनचे फोटो, लक्षात घे, आणि त्यांच्यावर त्यांच्याच राज्याने गोळीबार केला. २६ माणसं मेली. प्रेतं घरच्यांना दिली नाहीत, वेगवेगळ्या स्मशानांत गुपचूप पुरली, नंतर खटले भरून ७ जणांना मृत्युदंड दिला आणि हे सगळं जवळजवळ पंचवीस वर्षं दाबून ठेवलं. युनियन होती ना त्या कारखान्यात, होती की, वर्गणीची पावती फाडायची, सुट्टीत आरोग्यधामाला जायचे पास वाटायची.

म्हणून मी हल्ली कुठल्याही देशाबद्दल एकच गोष्ट आधी बघतो, तिथल्या कामगाराला नाही म्हणता येतं का. कारखाना जनतेच्या नावावर आहे वगैरे ठीक आहे, पण सातबाऱ्यावर नाव कुणाचं आणि वहिवाट कुणाची यातला फरक तुझ्या आजोबांना विचार, पूर्ण भावकीची भांडणं त्यावर चालतात. साहेबाला खाली बसवायचा अधिकार कुणाकडे, ती वहिवाट.

पोलंडचं बघ. ग्दान्स्कची गोदी, नाव लेनिन शिपयार्ड, राज्य करणाऱ्या पक्षाच्या नावातच कामगार, आणि तिथे अन्ना व्हॅलेंटिनोविच नावाची क्रेन चालवणारी बाई, तिला पेन्शनला पाच महिने उरले असताना कामावरून काढलं, कारण ती मोकळी युनियन हवी म्हणत होती. ऑगस्ट १९८० मध्ये तिला परत घ्या म्हणून संप सुरू झाला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या मोकळ्या युनियनचे वर्षभरात सभासद झाले साधारण १ कोटी. त्यांना उत्तर काय मिळालं, तर डिसेंबर १९८१ मध्ये मार्शल लॉ. चीनचं तर मी आता थोडक्यातच सांगतो. १९८२ ची राज्यघटना केली तेव्हा त्यातून संपाचा हक्क काढूनच टाकला, आधीच्या घटनेत होता. आणि २०१८ मध्ये शेन्झेनला वेल्डिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत कामगार युनियन काढायला गेले, त्यांच्या बाजूने बीजिंगच्या विद्यापीठातली मार्क्स वाचणारी तुझ्या वयाची पोरं उभी राहिली, तर कम्युनिस्ट सरकारने मार्क्स वाचणाऱ्या पोरांनाच उचललं.

हे वाचून आता तू म्हणशील काका पण त्या नांदेडवाल्याच्या पार्टीत गेले. थांब जरा.

क्युबात १९६१ साली लाखभर शाळकरी पोरं कंदील घेऊन खेड्यांत जाऊन राहिली आणि शेतकऱ्यांना लिहायला वाचायला शिकवलं, हे खरं आहे. अमेरिकेची नाकेबंदी सहा दशकं डोक्यावर असताना त्यांनी बाळंमरण कमी ठेवून दाखवलं हेही खरं. आणि २०२१ च्या जुलैत औषधं नाहीत, लाइट नाही म्हणून लोक रस्त्यावर आले तेव्हा शेकडोंना आत टाकलं, हेही तेवढंच खरं. हे तिन्ही एका दमात म्हणायची सवय लाव, जिन्यात उभं राहून सुद्धा. एक म्हणताना दुसरं गिळलं की समोरचा ते बरोब्बर बाहेर काढतो, मग लोक हसतात, आणि हसतात ते बरोबरच करतात.

आणि दूर कशाला जायचं, आपली पाटी बघ ना. आपल्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत समाजवादी हा शब्द कधी आला, ४२ वी घटनादुरुस्ती, १९७६, आणीबाणी. त्याआधी दोन वर्षं रेल्वेचा संप चिरडला होता. आणीबाणीत कामगाराचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. आणि देशाला समाजवादी म्हणत होते तेव्हा आयुष्यभर समाजवाद समाजवाद करणारी कितीतरी माणसं इथे आपल्या येरवड्यात गजाआड होती! १९४८ मध्ये संविधान सभेत के. टी. शहा या सभासदाने हा शब्द घालायची सूचना आणली होती तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला, समाजाची रचना कशी असावी हे त्या त्या वेळच्या लोकांना ठरवू द्या, घटनेत बांधून टाकू नका म्हणाले, आणि जे हवंय ते मार्गदर्शक तत्त्वांत आहेच की असंही म्हणाले. मला तो माणूस जितक्यांदा वाचावा तितक्यांदा पुढचा वाटतो. असो, एमपीएससीला हे येतं म्हणून तुला पाठ असेल, पण पाठ असणं वेगळं.

तुझा खरा प्रश्न मेसेजच्या शेवटी होता, की चांगली माणसं असं का करतात, ती सगळी काय ढोंगी होती का. नव्हती. याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, म्हणजे सापडलं, पण आधी स्वतःच्या अंगावर आलं.

पुस्तकातलं आधी सांगतो. क्रोनश्टाट, पेट्रोग्राडजवळचं नौदलाचं बेट, तिथले खलाशी म्हणजे १९१७ च्या क्रांतीचे पहिल्या रांगेतले लोक. मार्च १९२१ मध्ये त्यांनी ठराव केला, सोव्हिएतच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निवडून आलेल्या मंडळांच्या, निवडणुका परत घ्या, गुप्त मतदानाने, कामगार-शेतकऱ्यांना बोलू द्या, तुरुंगातल्या समाजवाद्यांना सोडा. सरकार म्हणालं यांच्या मागे झारवाल्या जनरलचा हात आहे. गोठलेल्या समुद्रावरून फौज पाठवून चिरडलं त्यांना, आणि त्याच महिन्यात पक्षाच्या दहाव्या अधिवेशनात पक्षाच्या आत गट करायलाही बंदी घातली. देश यादवीतून नुकता बाहेर येत होता, परिस्थिती खरंच नाजूक होती, हे काही बहाण्यापुरतं नव्हतं. नाजूक काळापुरती वाटलेली ती बंदी पुढे पक्षाला कायमची चिकटली.

आता माझं. १९९६ ला आमच्या युनियनची निवडणूक ड्यू होती. चार्टर ऑफ डिमांड, म्हणजे आमच्या मागण्यांचा खर्डा, मॅनेजमेंटकडे अडकलेला, रोज बैठका, आम्ही कमिटीत ठरवलं की आत्ता निवडणूक घेतली तर फूट पडेल, सेटलमेंट झाल्यावर घेऊ. सेटलमेंट झालं, मग म्हटलं एरियर्स, म्हणजे मागची थकबाकी, हातात पडू देत. मग ले ऑफची हवा आली. अडीच वर्षं गेली अशी, आणि दर वेळी कारण खरं होतं, तुला शपथेवर सांगतो. एका गेट मीटिंगला प्रेस शॉपचा एक पोरगा उठला, पंचविशीतला असेल, हातात डबा तसाच, आणि म्हणाला निवडणूक कधी, आणि आपल्या शेजारी उभा राहून तेच काम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या पोरांना मत का नाही. शांतता पसरली एकदम. माइक माझ्या हातात होता. मी म्हणालो, हे प्रश्न तुला कुठल्या केबिनमधून लिहून दिलेत? लोक हसले, टाळ्या पण पडल्या. मला माहीत होतं तो मॅनेजमेंटचा माणूस नाही. बोलताना सुद्धा माहीत होतं. त्या दिवसापासून कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेना, वर्षभराने कंपनीने त्याला काढलं तेव्हा त्याची केस आम्ही घेतली नाही, कमिटीत हात वर करायची वेळ आली तेव्हा मी खाली बघत होतो.

क्रोनश्टाटचं मी त्यानंतर दोनेक वर्षांनी वाचलं, झारवाला जनरल ही ओळ आली आणि पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

तर त्या पोराशी परत वाद घालायचा असेल तर देश मोजत बसू नकोस, त्यात रविवार जाईल. त्याला घेऊन मार्केट यार्डात जा सकाळी लवकर. हमाल पंचायतीतल्या एखाद्या म्हाताऱ्या हमालाशी बोला, ओझी वाहणाऱ्यांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा, लेव्ही म्हणजे काय, तोलाई कुणाला, बोर्डातून पगार येण्याआधी काय व्हायचं, हे ऐका. तुमच्या गल्लीत कचरा न्यायला येणारी स्वच्छची ताई आहे ना, स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आणि ती तिची सभासद, तिला विचार तुमच्या बैठकीत भांडणं होतात का. होतात म्हणाली तर बरं समज. पण तिथेही पाटी वाचून परत येऊ नकोस, सगळं छान चाललंय असं कुणी फार जोरात सांगायला लागलं तर जरा जास्त वेळ बस. जाताना हमाल पंचायतीच्या कष्टाची भाकर या खाणावळीत जेवा दोघं, पैसे त्याला देऊ दे.

तो प्रेस शॉपचा पोरगा गेल्या दिवाळीत निगडीच्या बस स्टॉपवर दिसला, केस पांढरे झालेत, बरोबर नात होती. त्याने मला ओळखलं, हसला, नंबर पण दिला. सहा महिने होऊन गेले, मी अजून फोन केलेला नाही.

तुझा,
काका