बाहेर उभं करूनही त्रास वाढतोय? आधी नोंद ठेवा

ताई, तुम्ही लिहिलंय की दुसरीतला मुलगा गणिताच्या तासाला बाक वाजवतो, दप्तर फेकतो आणि महिनाभर वर्गाबाहेर उभं करूनही ते वाढतंच आहे. मला वाटतं, बाहेर उभं केल्यामुळेच वाढत असावं. त्याचं गणित टळतं ना!

पण माझ्यावर विसंबू नका, आठ-दहा दिवस नोंद ठेवा. वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, त्याने काय केलं, लगेच पुढे काय झालं. 'मस्ती केली' असं मोघम नको. 'हातच्याची बेरीज फळ्यावर लिहिली, दप्तर फेकलं, बाहेर पाठवलं' असं लिहा. माझ्या वर्गात एक मुलगी होती. तोंडी गणितं पटापट सांगायची, फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगितलं की पाचव्या मिनिटाला आरडाओरडा. वर्षभर मी तिला रागावले. लिहून काढल्यावर नऊ दिवसांत कळलं की तिला उतरवून घेणं झेपत नव्हतं.

कारण कळलं की गोंधळातून त्याला जे मिळतं, तेच मिळवायचा साधा मार्ग मुलाला शिकवायचा. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये हेच दाखवलं होतं: काम अवघड म्हणून गोंधळ घालणाऱ्या मुलांना 'मला समजत नाही' म्हणायला शिकवलं, लक्ष हवं असणाऱ्यांना 'माझं बरोबर आहे का?' विचारायला, आणि गोंधळ कमी झाला. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला मी बाकावर ठेवायला लाल पुठ्ठा दिला. तो उभा केला की मी जाऊन दोन ओळी उतरवून द्यायची. पहिले काही दिवस तिने पुठ्ठा उभा करताक्षणी हातातलं सोडून गेले, एकदाही टाळलं नाही.

बाहेर पाठवणं थांबवलंत की सुरुवातीला त्रास वाढू शकतो, हे मुख्याध्यापकांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात टेकून बाहेर पाठवलंत, तर जास्त जोरात फेकलं की सुटका होते एवढंच तो शिकेल.

नोंदीत मात्र निघालं की तुम्ही वळून पाहिलंत की तो थांबतो, म्हणजे त्याला तुमचं लक्ष हवं आहे, तर मदतीच्या पुठ्ठ्याचा उपाय लागू नाही. मग तो शांत बसलेला असताना त्याच्याकडे जायचं, दर पाच मिनिटांनी, ठरवून.

सगळ्याच तासांना, काही कारण नसताना होत असेल तर आधी कान, दात, झोप, डोळे बघायला सांगा. आणि तो स्वतःला मारून घेत असेल, तर वर्गात प्रयोग करू नका, तज्ज्ञांकडे पाठवा. नोंदींची वही सोबत द्या, त्यांना ती लागेलच.