दुकान उघडलं की स्क्रीनवर काळी खिडकी

प्रश्न : आमचं इतवारीत किराण्याचं होलसेल दुकान आहे. मागच्या महिन्यात मेन कॉम्प्युटर फॉरमॅट करून घेतला, तेव्हापासून रोज सकाळी चालू केला की एक काळी खिडकी उघडून राहिली, त्यात पांढरी इंग्रजी अक्षरं आणि शेवटी 'रेडी फॉर कनेक्शन्स', पोर्ट ३३०६ असं लिहून असते. पोऱ्यानं क्रॉस दाबला तर दोन्ही काउंटरचं बिलिंग बंद पडलं. व्हायरस आहे का हा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, आधी पोऱ्याला सांगा की त्या क्रॉसला हात लावायचा नाही. ३३०६ हा मायएसक्यूएल नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरचा नेहमीचा पोर्ट (बाकीचे कॉम्प्युटर ज्यातून जोडले जातात त्या दाराचा नंबर), म्हणजे ती खिडकी तुमचा डेटाबेस सर्व्हर आहे, तुमची सगळी बिलं आणि उधारी त्याच्यातच असते. क्रॉस दाबला की विंडोज त्याला आवरायला काही सेकंद देते आणि मग मारून टाकते. पुढच्या वेळी तो बहुतेकदा स्वतःच सावरून घेतो, पण रोज रोज हे नको.

आता ती दिसते कशी? विंडोज व्हिस्टा आला २००७ साली, तेव्हापासून सर्व्हिसेस (कुणी लॉगिन न करताही मागे आपोआप चालणारे प्रोग्राम) सेशन ० नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतात आणि आपण लॉगिन करतो ते सेशन १ किंवा पुढचं, त्यामुळे सर्व्हिस म्हणून चालणारा प्रोग्राम तुमच्या डेस्कटॉपवर खिडकी उघडूच शकत नाही. तुमची दिसते, याचा अर्थ फॉरमॅटनंतर सर्व्हिस बसवायची राहिली आणि कुणीतरी साधा शॉर्टकट किंवा बॅच फाईल (कमांड लिहिलेली छोटी फाईल) स्टार्टअपमध्ये, म्हणजे लॉगिन केलं की आपोआप उघडणाऱ्या यादीत, टाकून काम भागवलं. मला हे अजिबात पटत नाही, दुकानाचा सगळा हिशोब असा उघड्यावर ठेवायचा नसतो.

खात्री करायला टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये जा, वरच्या हेडिंगवर राइट क्लिक करून सेशन आयडी आणि कमांड लाईन हे दोन कॉलम चालू करा. तिथे मायएसक्यूएलडी (mysqld.exe, म्हणजे तोच सर्व्हर) या नावापुढे सेशन १ किंवा पुढचा आकडा दिसला तर माझा अंदाज बरोबर. कमांड लाईनमध्ये फाईल कुठली ते कळेल, ती टेम्प किंवा अ‍ॅपडेटा फोल्डरमधून चालत असेल तर मात्र अँटिव्हायरस लावून बघा. त्या कमांड लाईनचा फोटोही काढून ठेवा, कारण खरी मेख पुढे आहे.

दुरुस्ती म्हणजे ती सर्व्हिस म्हणून बसवणं, आणि हे बिलिंगवाल्याकडूनच करून घ्या. आधी पेनड्राइव्हवर बॅकअप, मग चालू सर्व्हर त्याच्या शटडाऊन कमांडनं नीट बंद, मग सर्व्हिस. फोटोत जी सेटिंग फाईल आणि डेटा फोल्डर दिसतंय तेच सर्व्हिसला द्यायला लावा, नाहीतर ती दुसरंच रिकामं फोल्डर धरते आणि सॉफ्टवेअर उघडलं की एकही पार्टी दिसत नाही, माणसाच्या पोटात गोळाच येतो. डेटा गेलेला नसतो, फक्त पत्ता चुकलेला असतो. स्टार्टअपमधला जुना शॉर्टकट काढायला विसरू नका, ठरल्या वेळी प्रोग्राम चालू करणारा टास्क शेड्युलरही बघा, नाहीतर दोघं एकाच पोर्टसाठी भांडतील.

झालं की मेन कॉम्प्युटर रिस्टार्ट करा, पासवर्ड टाकू नका, दोन मिनिटं थांबा आणि दुसऱ्या काउंटरवरून एक बिल बनवून बघा. बिल निघालं तर सर्व्हिस बसली. लाईन जाऊन आली तरी आता कुणी लॉगिन करायची वाट बघावी लागणार नाही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) लाईन आली की कॉम्प्युटर आपोआप चालू व्हायची सेटिंग तेवढी करून घ्या.