पोट महिनोन्महिने बिघडतंय? आधी वजनकाट्यावर उभे राहा

ह्या वेळच्या प्रश्नांत निम्मे पोटाचेच आहेत, आणि त्यातले बरेच फिरून फिरून एकाच आजाराकडे येतात, म्हणून आज सगळी जागा क्रोन्सला, म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षे सूज आणणाऱ्या आजाराला.

मुलगा २२ वर्षांचा, वेर्ण्याला कंपनीत शिफ्ट ड्युटी. आठ महिने जुलाब, थांबतात आणि परत सुरू होतात. डॉक्टर म्हणाले आयबीएस (आतड्याला सूज नसताना पोट बिघडत राहणं) आहे, टेन्शन घेऊ नको. हल्ली पॅन्टी सैल होतात. क्रोन्स असेल का? (डिचोली)

असेलच असं नाही, पण पॅन्टीचं तुम्ही शेवटी लिहिलंत ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. आयबीएसमध्ये पोट दुखतं, सारखं जावं लागतं, जीव नकोसा होतो, पण माणूस वाळत नाही आणि साखरझोपेतून उठून संडासला पळत नाही. माझ्याकडे असाच एक मुलगा यायचा, कधी ॲसिडिटी, कधी तोंड आलंय, कधी गुडघे दुखतात, दर वेळी मी त्या त्या दिवसाचं औषध देत राहिले, आणि एकदा तपासायला टेबलावर झोपला तेव्हा बेल्ट दिसला, खिळा तापवून पाडलेली दोन नवीन भोकं. वजन केलं तर सहा किलो कमी. मागच्या केस पेपरवर वजन लिहिलेलंच नव्हतं, ती चूक माझी. तेव्हापासून पोटाची तक्रार घेऊन कोणी आलं की आधी काटा, मग बाकीचं.

मुलाला विचारा, रात्री उठावं लागतं का, संध्याकाळी कसकस येते का, संडासात रक्त दिसतं का, घरात आईवडील-भावंडांपैकी कोणाला आतड्याचा असला आजार आहे का. मग फॅमिली डॉक्टरकडून रक्ताच्या सीबीसी (पेशी), सीआरपी (सूज), फेरिटिन (लोहाचा साठा), अल्ब्युमिन (प्रोटीन) ह्या टेस्ट, साधी स्टूल टेस्ट आणि शौचातलं कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारी टेस्ट) करून घ्या. रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, क्रोन्स असूनही सीआरपी नॉर्मल येऊ शकतो.

कॅलप्रोटेक्टिन १८० आलंय, लॅबच्या कागदावर ५० पर्यंत नॉर्मल लिहिलंय. घाबरून झोप नाही. गुडघ्यासाठी रोज पेनकिलर घेते. (म्हापसा)

ताई, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच असू शकेल. आतड्याला सूज आली की तिथे पांढऱ्या पेशी जमतात, त्यांच्यातलं हे प्रोटीन शौचात उतरतं. ५० च्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता कमी, २५० च्या वर असेल तर गॅस्ट्रोच्या (पोटविकाराच्या) डॉक्टरांना लवकर दाखवायचं, मधला आकडा आला की काही आठवड्यांनी टेस्ट परत करायची. पण डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही आकडा चढतो, नुकतेच इन्फेक्शनचे जुलाब झाले असतील तरी चढतो. डॉक्टरांना विचारून गोळी दोन आठवडे बंद ठेवा, मग टेस्ट. वजन उतरत असेल किंवा रक्त जात असेल तर मात्र वाट बघू नका.

भावाचं भगंदराचं ऑपरेशन दोनदा झालं, परत पू येतो. पोटाशी संबंध असतो का? (पेडणे)

असतो. १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी हा आजार छोट्या आतड्याच्या टोकाचा म्हणून लिहिला, पुढे कळलं की तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, आणि काहींना पोटाच्या आधी भगंदरच होतं. तिसऱ्यांदा ऑपरेशनला जायच्या आधी कोलोनोस्कोपीचं (दुर्बिणीने आतडं आतून बघायची तपासणी) विचारा. लाजेने लोक मुळव्याध म्हणून मोकळे होतात आणि डॉक्टरही न बघता मलम लिहून देतात, तसं करू नका आणि करूही देऊ नका.

बहिणीच्या कोलोनोस्कोपीत लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर अल्सर दिसले. एक डॉक्टर आतड्याचा टीबी म्हणतात, दुसरे क्रोन्स. टीबीच्या गोळ्या सुरू केल्यात. वेळ फुकट जाईल का? (काणकोण)

दोघांना नावं ठेवू नका, आपल्या देशात हा पेच रोजचा आहे. दोन्ही आजार नेमके त्याच जागी बसतात, दोन्हीत ताप, वजन उतरणं, अल्सर, आणि कॅलप्रोटेक्टिन दोन्हीत वाढतं. बायोप्सी (तुकडा काढून तपासणं), जीनएक्स्पर्ट (टीबीचे जंतू शोधायची टेस्ट), छातीचा फोटो, सीटी एवढं करूनही कधी कधी ठरत नाही, मग टीबीच्या गोळ्या देऊन बघतात, कारण टीबी लपलेला असताना क्रोन्सचं औषध म्हणून स्टिरॉईड दिलं तर तो पसरतो. फक्त एक करा, परत कोलोनोस्कोपी कधी ते आजच विचारून कॅलेंडरवर लिहा, साधारण दोन-तीन महिन्यांनी करतात. नुसतं बरं वाटतंय ह्यावर जाऊ नका, क्रोन्सवाल्यालाही ह्या गोळ्यांवर थोडे दिवस बरं वाटू शकतं. अल्सर भरलेत का ते डोळ्यांनी बघायला हवं. नाहीतर सहा-नऊ महिने निघून जातात, तोवर आतडं सुजून सुजून आत व्रण धरतं, अरुंद होतं, आणि असं कडक झालेलं आतडं औषधाने परत मोकळं होत नाही, बऱ्याचदा कापावं लागतं. माझी सगळी घाई एवढ्याचसाठी आहे.

नुस्तं (मासे) आणि पाव बंद करू का? निदान अजून झालेलं नाही. (साखळी)

नुस्त्याने क्रोन्स होत नाही, खा. विडी-सिगरेट असेल तर ती आजच बंद, तिने हा आजार खरंच चिघळतो. पाव तर आत्ता मुद्दाम चालू ठेवा, कारण गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सीलिॲक आजारही असाच दिसतो, आणि गहू सोडून बसलात तर त्याची रक्ततपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आधी टेस्ट, मग पावाचं बघू.