पहिला आठवडा फिरू नको

परवा बडोद्यात सुरसागर तलावाच्या काठावर तू विचारलंस, दोन लहान मुलं घेऊन सहा महिने व्हिएतनामला राहायचं तर सुरुवात कशी करू? आम्ही तिथल्या दा नांग शहरात राहून आलो, म्हणून अनुभवाचं सांगते.

एका शहरात निदान महिनाभर राहा. पहिल्या आठवड्यात स्थळदर्शन नकोच. आधी बाजार, बाग आणि झोपायची खोली मुलांच्या ओळखीची होऊ दे. आमची धाकटी चौथ्या दिवशी "आपल्या कमाटीबागेत चल" म्हणून हमसून रडली. मग रोज संध्याकाळी पाचला तिला समुद्रावर नेऊ लागलो, रोज त्याच जागी. हळूहळू ती स्वतःच चपला घालून दारात उभी राहायला लागली. मुलांना ठरलेली वेळ लागते गं, जागा कितीही साधी असो.

स्वयंपाकघर असलेलंच घर घे. तांदूळ आणि सालं काढलेली मुगाची डाळ तिथल्या बाजारात सहज मिळते. हिंग, गोडा मसाला इथूनच ने. दुपारी वरणभात पोटात गेला की संध्याकाळी मुलं फो, म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, आनंदाने चाखतात.

ई-व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो, तेव्हा मध्ये नवा काढण्याचा खर्च आताच धर. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षांचाच, त्याची मुदत आजच बघ.

आणि आजीचा फोन चुकवू नको. तिथलं घड्याळ दीड तास पुढे. इथे दांडिया बाजारात साडेपाच वाजले की तिथे सात, म्हणजे दिवेलागण. आमच्याकडे शुभंकरोती त्या फोनवरच व्हायची.