मामांनी विचारलं, “बिग बँग कुणी केला?”

अगं पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला, पण दोन ओळीत उत्तर देण्यासारखा विषय नाही म्हणून सकाळी चहा घेऊन निवांत लिहायला बसलोय. तू म्हणतेस की मामांशी जेवताना वाद झाला, तू म्हणालीस बिग बँग झाला म्हणजे देवाची गरज संपली, मामा म्हणाले बरं, मग बिग बँग कुणी केला, तू म्हणालीस मग देवाला कुणी केलं, आणि मग मामी म्हणाल्या आमटी गार होतेय. आणि आता तुला माझ्याकडून असं उत्तर हवंय की मामा गप्प बसतील. ते मी देणार नाही, कारण तसं उत्तर माझ्याकडे नाहीये आणि मामांनी गप्प बसावं असं मला वाटतही नाही. पण वाद कसा घालायचा ते सांगतो, कारण विषय खरंच मोठा आहे आणि तू त्यात मनापासून उतरली आहेस.

पहिलं म्हणजे “कुणी केलं” हा शब्दच नीट बघ. “कुणी” म्हटलं की करणारा कोणीतरी आहे हे आपण प्रश्न विचारतानाच धरून चाललो. “कशामुळे झालं” असं विचारलं तर ते मोकळं राहतं. मामा हे मुद्दाम करत नाहीत गं, आपण सगळेच बोलताना तसं करतो. पण वादात हा फरक आधी टेबलावर ठेवायचा, शांतपणे.

आणि तुझं “देवाला कुणी केलं” हे वाटतं तितकं जोरदार नाहीये. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या तर्कपंडितांनी, याचा विचार हजार वर्षांपूर्वी केलेला आहे. उदयनाचार्यांच्या न्यायकुसुमांजलीत ईश्वर सिद्ध करायला पहिलंच कारण दिलंय ते “कार्य”, म्हणजे घडा दिसला की कुंभार असणार, तसं जग हे कार्य आहे म्हणून त्याचा कर्ता असणार. यात म्हणणं असं की जे घडलेलं असतं त्यालाच कर्ता लागतो, ईश्वर घडलेला नाही, म्हणून तुझा प्रश्न त्याला लागूच होत नाही. अशा युक्तिवादाला उत्तर देणारेही आपलेच, आणि तेही उदयनाचार्यांच्या आधीचे. जिनसेन नावाच्या जैन आचार्यांनी नवव्या शतकात आदिपुराणात विचारलं की देवाने जग केलं तर करण्याआधी तो होता कुठे? कुमारिल भट्ट तर वेद मानणारे, पण जगाचा कर्ता मानत नव्हते. म्हणजे देव मानणारा एकीकडे आणि विज्ञान शिकलेला दुसरीकडे असा हा सरळ सामना कधीच नव्हता. आणि त्या घड्याचंच बघायचं तर कुंभार माती बनवत नाही, तो मातीला आकार देतो. त्या दाखल्यातून फार तर आकार देणारा मिळेल, माती शून्यातून आणणारा नाही मिळत. मामांना हे विचारून बघ, त्यांना आवडेल.

आता मुख्य गोष्ट. तू अंधेरीला इतकी वर्षं राहतेस, गिल्बर्ट हिल नीट पाहिलंयस का? भवन्स कॉलेजच्या जवळ, बिल्डिंगांच्या मधोमध उभा असलेला तो काळा कडा, साधारण दोनशे फूट उंच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक. जवळ जाऊन बघितलं की अख्खा कडा उभ्या खांबांचा आहे, एकाला एक चिकटलेले, कुणाला पाच बाजू कुणाला सहा, त्यांच्या धारा इतक्या सरळ की कुणी गवंड्याने ओळंबा लावून रचलेत असंच वाटतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पदवीधर होतो, फिजिक्स शिकलेला, तरी माझ्या मनात आधी हेच आलं की हे कुणी कोरलं. कोरलं कुणीच नाही. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसला की ताण येतो, ताण आला की तडे जातात, आणि ताण सगळ्यात कमी खर्चात मोकळा करायचा तर तडे एकमेकांना साधारण १२० अंशात भेटतात, म्हणून बाजू पाच-सहा. मग थर जसा आत आत गार होत जातो तसा तडा खाली खाली सरकत जातो आणि खांब तयार होतो. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळतो तेव्हा भेगा पडतात, त्याची ही थोरली बहीण. आणि त्याच टेकडीवर गावदेवीचं देऊळ आहे, वर जायला कातळात पायऱ्या खोदल्यात. पायऱ्या माणसाने केल्या, खांब कुणी केले नाहीत, आणि लांबून बघणाऱ्याला पायऱ्यांपेक्षा खांबच जास्त रेखीव दिसतात. म्हणून “रेखीव आहे म्हणजे कुणीतरी केलं” हा मुद्दा एकटा टिकत नाही. डोळा, पंख, फूल यांच्या बाबतीत हेच काम डार्विनने १८५९ साली केलं, ते तुला माहितीच आहे.

पण इथे थांबून जिंकलो म्हणू नकोस. मामा हुशार आहेत, ते विचारतील की ठीक आहे, तडे १२० अंशात जातात, पण आकसायचा हा नियम कुठून आला? खरा वाद इथून सुरू होतो. त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात भारी उदाहरण सांगतो. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार झालाय. दोन हेलियम एकत्र आले की बेरिलियम होतो पण तो टिकतच नाही, निमिषाच्या अब्जावधी भागाहूनही कमी वेळात फुटतो, आणि तेवढ्यात तिसरा हेलियम येऊन आदळला तर कार्बन. हिशोबाने इतका कार्बन व्हायलाच नको. फ्रेड हॉईल नावाचे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ म्हणाले की ज्या अर्थी कार्बन आहे त्या अर्थी त्याच्या अणुकेंद्रात ऊर्जेची एक पायरी (अणुकेंद्राला ठरावीक ऊर्जाच धरता येतात, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या) बरोबर योग्य जागी असलीच पाहिजे, आणि १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत लोकांच्या मागे लागून ती शोधायला लावली. सापडली, ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे ऊर्जेचं माप) आसपास. हॉईल नास्तिक होते, पण या गोष्टीने ते मुळापासून हलले, पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की कुणी महाबुद्धीने भौतिकशास्त्राशी खेळ केल्यासारखं हे दिसतं. हेच हॉईल आपल्या कोल्हापूरच्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू.

हे मामांना तू स्वतः सांग, ते त्यांच्या बाजूचं आहे म्हणूनच सांग. मग पुढचंही सांग की १९८९ मध्ये मारियो लिव्हियो या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गणित करून पाहिलं की ही पायरी थोडी वर सरकवली तर काय होईल, तर ६० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टने सरकवली तरी कार्बनमध्ये फारसा फरक पडत नाही. म्हणजे नेम धरून सुई ओवल्यासारखं नाहीये, थोडी ढिलाई आहे. किती ढिलाई असली की “आश्चर्य नाही” म्हणायचं, हे कुणालाच ठरवता आलेलं नाही, कारण तुलना करायला दुसरं विश्व आपल्याकडे नाही. कुणी म्हणतात अनंत विश्वं असतील, त्यातल्या जमणाऱ्या विश्वात आपण आहोत. असतीलही, पण ती कुणी पाहिलेली नाहीत, तेव्हा तेवढ्या एका वाक्यावर वाद जिंकला असं समजू नकोस, मामांच्या देवाकडे पुरावा मागायचा आणि आपल्या विश्वांना तो माफ करायचा हे मला पटत नाही.

आणि बिग बँग. ही कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते हे तुला माहिती होतं का? १९२७ साली त्यांनी विश्व प्रसरण पावतंय हे मांडलं, १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना, म्हणजे सगळं विश्व एका मूळ अणूतून फुटून निघालं ही. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी भाषणात म्हटलं की विज्ञानानेच सृष्टीच्या निर्मितीची साक्ष दिली, आणि लमेत्र खूश व्हायच्या ऐवजी अस्वस्थ झाले. त्यांचं म्हणणं होतं की माझा सिद्धांत धर्माच्या प्रश्नाच्या पूर्ण बाहेर आहे, त्यावरून देव आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. बघ, आयुष्यभर पूजाअर्चा करणारा माणूस हातात आलेला पुरावा वापरायला नको म्हणतो आणि नास्तिक माणूस कार्बनपुढे थबकतो. दोघांनाही आपल्या सोयीचं नव्हतं ते दिसलं आणि दोघांनी ते लपवलं नाही. मला या दोघांबद्दल फार आदर आहे. तुझं “बिग बँग म्हणजे देव संपला” आणि पोपचं भाषण, दोन्हीत चूक एकच आहे.

तू विचारलंयस की सर तुमचं मत काय. मला कर्त्याचा पुरावा आजवर पटलेला नाही. नियम का आहेत, मुळात काही का आहे, याचं उत्तर मला ठाऊक नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त शेवटी म्हणतं की जो याचा अध्यक्ष परम आकाशात आहे त्याला माहीत असेल, किंवा त्यालाही नसेल. तिथवर मी त्या ऋषीच्या बरोबर आहे.

एक माझी चूक सांगतो. मी तुझ्याच वयाचा असताना वडिलांशी याच विषयावर भांडलो. ते संध्याकाळी अंगणात बसून मला ताऱ्यांबद्दल विचारायचे, हा कुठला, किती लांब, आणि मग म्हणायचे काय लीला आहे बघ. एकदा मी चारचौघांसमोर म्हणालो लीला वगैरे काही नसतं, पुरावा दाखवा. ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी मला ताऱ्यांबद्दल विचारणं बंद केलं, आणि हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली.

तर तू असं कर, येत्या रविवारी मामांना घेऊन गिल्बर्ट हिलला जा, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. मामींनाही ने, त्यांना गावदेवीची ओटी भरायची असेल. वर जायच्या आधी खाली उभं राहून मामांना ते खांब दाखव आणि त्यांनाच आधी बोलू दे. “हे कुणी केलं” म्हणाले तर तड्यांचं सांग, चिखलाचं उदाहरण दे. मग ते आकसायच्या नियमाचं विचारतील, नक्की विचारतील. तेव्हा मला फोन लाव आणि स्पीकरवर टाक, ते काय म्हणतात ते मला ऐकायचंय.

तुझा,
सर